डॉल्फिनची रात्रपाळी

मुले शिकली, नोकरीला लागली, की आईवडिलांना कुठेतरी फिरवून आणावे असे त्यांच्या मनात येते. आता घरातला पहिला पासपोर्ट निघतो आणि मॉरिशसचे नाव पुढे येते. प्रवास कंपनीच्या रंगीत पत्रकावर निळेशार पाणी असते आणि त्यात डॉल्फिनसोबत पोहणारी माणसे. धाकटी मंडळी हट्ट धरतात, आपणही असेच पोहायचे! यात वावगे काही नाही. कष्टकऱ्याने जन्मभर फक्त कष्टच करावेत, असा कुठे नियम आहे? मात्र गाठीचा पैसा मोजण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेचे लहानसे बेट. भारतीय पर्यटकाला तिथे आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेची नोंद आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. तिथले ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हवा थंड व कोरडी असते, तर जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. म्हणून मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणे सोयीचे.

डॉल्फिन दिसतात ते बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, तमारिनच्या उपसागरात. त्यातला मुख्य म्हणजे स्पिनर डॉल्फिन. पाण्याबाहेर उडी मारून भोवऱ्यासारखी गिरकी घेतो, म्हणून हे नाव. हा मासा नव्हे. आपल्यासारखाच फुफ्फुसाने श्वास घेतो, मादी पिलाला दूध पाजते, आणि दोन पिलांमध्ये सहसा दोन-तीन वर्षांचे अंतर असते.

आता मुख्य गोष्ट. स्पिनर डॉल्फिन रात्रपाळीचा कामगार आहे! रात्रभर तो खोल समुद्रात लहान मासे आणि माकूळ पकडतो. पहाटे कळपाने किनाऱ्याजवळच्या उथळ, शांत पाण्यात येतो, तो विश्रांतीसाठी. झोपेतही त्याला श्वासासाठी वर यावे लागते. त्यामुळे मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, तर दुसरा जागा राहतो. म्हणूनच झोपलेला डॉल्फिन हळूहळू पोहताना दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते, हा जागाच आहे.

आणि नेमक्या याच वेळी, सकाळी, पर्यटकांच्या बोटी सुटतात. कळप दिसला की बोटी त्याच्या वाटेवर जातात आणि माणसे पाण्यात उड्या टाकतात. कळप वळला की पुन्हा पाठलाग. रात्रपाळी करून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत अंग टाकतो, तेव्हा बाहेर पोरांनी दंगा केला तर त्याचे काय होते, हे आपल्या घरांना सांगायला नको. एक दिवस चालून जाते. रोजच झोपमोड झाली तर अंगातली ताकद जाते, पिलांना सांभाळणे जड होते, आणि शेवटी कळप ती जागाच सोडतो.

अमेरिकेने हे ओळखून २०२१ साली हवाई बेटांपुरता नियम केला. किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांपेक्षा जवळ जायचे नाही. पोहत नाही आणि बोटीनेही नाही. मॉरिशसला जाताना हाच नियम आपण आपल्यापुरता पाळावा. पैसे डॉल्फिन पाहण्याचे द्यावेत, त्यांच्यात उडी मारण्याचे नव्हे. बोट ठरवताना विचारावे: तिथल्या टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना आहे का? प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? बोट दूर ठेवणार का, की कळपामागे पळवणार? उत्तर पटले नाही तर दुसरी बोट पाहावी.

यात आपल्याही जिवाचा विचार आहे. प्रवाळाच्या कड्याबाहेर समुद्र खोल असतो. तरणतलावात चार हात मारणे वेगळे आणि लाटांत बोटीपासून दूर जाणे वेगळे. मुलांना पाण्यात खेळायचेच असेल तर जवळच्या फ्लिक-आँ-फ्लाकसारख्या किनाऱ्यावर, कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात खेळू द्यावे, आणि मोठ्या माणसाने सोबत असावे. ज्यांना बोट लागते त्यांनीही किनाऱ्यावरच थांबावे.

काही देशांत हौदात कोंडलेल्या डॉल्फिनसोबत पोहायला देतात. ते सोपे आणि सुरक्षित वाटते. पण रोज मैलोन् मैल फिरणाऱ्या जिवाला चार भिंतींत डांबून केलेली ती करमणूक आहे. भारत सरकारने २०१३ साली असे डॉल्फिनगृह उभारायला परवानगी नाकारली, ते योग्यच झाले.

सहलीतला एक दिवस राजधानी पोर्ट लुईसमधल्या आप्रवासी घाटासाठी ठेवावा. १८३४ पासून भारतातून जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर ऊसमळ्यांत राबायला या बेटावर आले. त्यांत मराठी माणसेही होती. तिथल्या शाळांत मराठी आजही शिकवली जाते. मजुरांची पावले ज्या दगडी पायऱ्यांवर पडली, त्या आपल्या मुलांनी पाहाव्यात.

आणि तमारिनला बोट थांबली, इंजिन बंद झाले, की मुलांना एवढेच सांगावे: गप्प बसा, कामावरून आलेली मंडळी झोपली आहेत. त्यातल्या एखाद्याने आपल्या मर्जीने गिरकी घेतली, तर पैसे वसूल झाले समजा!