परसबाग फुलली, पण बियाण्याचं गणित कच्चंच

लातूर : शाळेची परसबाग म्हटलं की मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे आणि त्यापुढे रांगेत उभी मुलं, असा फोटो ठरलेला. पोषण आहाराच्या खिचडीत चार पालेभाज्या पडतात, ते चांगलंच आहे. पण औसा, निलंगा, रेणापूरकडच्या घरांचं वर्ष मेथीवर नव्हे, सोयाबीनवर ठरतं. त्या पिकाचा हिशेब शाळेत क्वचितच येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. पालकांचा सवाल मात्र सरळ आहे : ‘खुरपंच धरायचं तर शाळेत कशाला धाडायचं?’ सवाल चुकीचा नाही. निंदणी, खुरपणी पोरं घरीच शिकतात. शाळेनं शिकवायचं ते मोजमाप.

उदाहरण घरच्या बियाण्याचं. पोत्यातलं शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. साठच उगवले तर ३५ किलो. हे सातवीचं शेकडेवारी आणि त्रैराशिकच की! कृषी विभाग दरसाल हीच चाचणी करा म्हणून कानीकपाळी ओरडतो. तरी पेरल्यावर उगवलंच नाही, ही तक्रार काही थांबत नाही. दुबार पेरणीचा खर्च छोट्या शेतकऱ्याला पुन्हा सावकाराच्या दारात नेतो.

अडचण वेळापत्रकाची आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा पेरणीची घाई सुरू झालेली असते. म्हणजे चाचणी एप्रिलमध्ये, परीक्षेच्या धामधुमीतच उरकावी लागणार. मे महिन्यात तर परसबागेलाही पाणी घालायला कुणी नसतं. त्यात गुरुजींच्या मागे ऑनलाइन माहिती भरण्याचं शुक्लकाष्ठ.

पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमानं आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस हातकामाला दिला, त्यात शेतीही घेतली. तिथं दिवस ठरलेला होता, म्हणून काम झालं. इथं एप्रिलमधला एक आठवडा, गावच्या कृषी सहायकाची एक फेरी आणि प्रत्येक मुलाने घरून आणलेले शंभर दाणे एवढ्यावर भागतं. जुनी गोणपाटं तर शाळेच्या तांदळाच्या कोठीत सापडतीलच.