नवी पिढी कीं मोठी कोठी?

2023 सालच्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरांत वीतभर लांबीच्या एका वस्तूवरून चांगलाच वाद माजला. वस्तूचें नांव ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या पडद्यावर जें चित्र उमटतें, त्यांतील ठिपक्या-ठिपक्याचा रंग व उजेड ठरविण्याचें काम हें कार्ड करतें.

आमच्या एकत्र कुटुंबांत खेळास व चित्रास उपयोगी पडेल असा संगणक एकच. संध्याकाळीं दोघे पुतणे त्यावर खेळ खेळतात. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे धाकटी पुतणी आपलें काम घेऊन बसते. ती वास्तुकलेच्या महाविद्यालयांत शिकते, आणि न बांधलेल्या घरांचीं हुबेहूब चित्रें ब्लेंडर ह्या साधनानें तयार करते. दादांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, सामाईक खर्चांतून नव्या कार्डाची रक्कम मंजूर केली व निवड मजवर सोंपविली. एन्व्हिडिया कंपनीचीं दोन कार्डें पुढें आलीं: आरटीएक्स 3060 व आरटीएक्स 4060. दुकानांत दोहोंच्या किमतींत फारसें अंतर नव्हतें. मीं फार विचार न करितां 4060 चा कौल दिला. आंकडा मोठा आणि माल नवा; आणखी काय पाहावयाचें? पुतणे खूष झाले. पुतणी मात्र पानें मांडतां मांडतां हळूच म्हणाली, "काका, पण त्याची मेमरी किती आहे, तें पाहिलंत का?"

मीं पाहिलें नव्हतें. त्या रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों, व जो हिशेब हातीं लागला तोच आज वाचकांपुढें मांडीत आहें.

प्रथम नांवाचा उलगडा. पहिल्या दोन आंकड्यांनीं पिढी कळते, शेवटच्या दोहोंनीं त्या पिढींतील मान. 3060 हें 2021 च्या फेब्रुवारींत निघालें. त्याच्या पिढीस अँपिअर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाचें नांव आहे. 4060 हें 2023 च्या जूनमध्यें निघालें. त्याची पिढी एडा लव्हलेस ह्या इंग्रज विदुषीच्या नांवानें ओळखली जाते. दोहोंचा मान 60 च. अमेरिकेंत पहिल्याची आरंभींची किंमत 329 डॉलर होती, दुसऱ्याची 299. नवी पिढी प्रत्येक बाबतींत जुनीहून सरस असतेच असें नाहीं, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस निराळें सांगावयास नको.

आतां गुणांची तुलना. त्यासाठीं मुंजीच्या दिवसाचें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणावें. तेथें पांच गोष्टी पाहाव्या लागतात: राबणारे हात किती, ते किती चपळ, कोठी केवढी, कोठीचें दार किती रुंद, आणि चुलीशेजारच्या फडताळांत किती जिन्नस राहतात. 3060 मध्यें हिशेब करणारे हात 3584 आहेत, 4060 मध्यें 3072 च. परंतु नव्याचे हात फार चपळ. जुन्याचा वेग सेकंदाला सुमारें 178 कोटि ठोक्यांपर्यंत जातो, तर नव्याचा 246 कोटींपर्यंत. दार जुन्याचें 192 बिट रुंद व नव्याचें 128. त्यामुळें कोठींतून सेकंदाला जुन्यांत 360 गिगाबाईट माल ये-जा करूं शकतो, नव्यांत 272. ही उणीव भरून काढण्यासाठीं नव्याचें फडताळ मोठें केलें आहे. जुन्याचें 3 मेगाबाईटांचें, तर ह्याचें 24 मेगाबाईटांचें. वारंवार लागणारा जिन्नस हाताशींच मिळाल्यानें कोठीकडे खेपा कमी होतात. राहिली कोठी, म्हणजेच मेमरी. ती 3060 ला 12 गिगाबाईट आहे आणि 4060 ला अवघी 8.

ह्याचा परिणाम काय? नेहमींच्या 1920 बाय 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर बहुतेक खेळांत 4060 हें सरासरीनें शेंकडा 15 ते 20 पुढें राहतें. शिवाय दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें आपल्या अंदाजानें एक चित्र रचून घालण्याची कंपनीची नवी युक्ति त्यासच येते. तीमुळें हालचाल मऊ दिसते. बोटांच्या दाबास मिळणारें उत्तर मात्र अधिक जलद होत नाहीं. विजेच्या बाबतींतहि नव्याचा नंबर वर आहे. जुनें पूर्ण भारावर 170 वॅट खातें, नवें 115. रोज चार तास असें काम चाललें तर वर्षाकाठीं सुमारें 80 युनिटांचा फरक पडेल.

इतकें सारें नव्याच्या पदरांत पडल्यावर माझा कौल बरोबरच होता, असें मला वाटूं लागलें. परंतु ब्लेंडरमध्यें भिंती, झाडें, फरशीची नक्षी असा सगळा सरंजाम कार्डाच्या कोठींत मावावा लागतो. मावला, तर तेथेंहि 4060 च लवकर काम उरकतें. न मावला, तर कितीहि चपळ हात असले तरी काम रखडतें, किंवा मुळींच अडतें. पुतणीला विचारलें, तेव्हां तिनें सांगितलें कीं तिच्या शेवटच्या वर्षाच्या वाड्याच्या चित्रानें महाविद्यालयांतील यंत्रावर 9 गिगाबाईटांहून अधिक जागा घेतली होती. ही गोष्ट तिनें घरांत आपण होऊन काढली नव्हती, कारण तिला कोणी विचारलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मीं दादांपुढें दोन्ही बाजू ठेविल्या आणि आदल्या दिवशींचा कौल परत घेतला. दादा पुतण्यांना म्हणाले, "तुमचा खेळ थोडा संथ चालेल; तिचें काम मात्र अडून राहील. तेव्हां तिचें आधीं." 12 गिगाबाईटांचें 3060 घरीं आलें. पुतणे दोन दिवस फुरंगटले, तिसऱ्या दिवशीं खेळावयास बसले.

जातां जातां एक सूचना. 3060 ह्याच नांवाखालीं 8 गिगाबाईटांचाहि एक प्रकार 2022 च्या अखेरीस बाजारांत आला. त्याची कोठी लहान व दारहि 128 बिटांचेंच. असें कार्ड घेणारानें पेटीवरील नांवावर न जातां मेमरीचा आंकडा वाचावा. ज्यांच्या घरीं केवळ खेळच चालतात, त्यांनीं ह्या दोहोंपैकीं 4060 घेतलें तर मी त्यांस दोष देणार नाहीं. मात्र सामाईक पैशानें वस्तु घेतांना घरांतील प्रत्येकास तिच्यावर कोणतें काम करावयाचें आहे, हें आधीं विचारावें. आणि जें माणूस पानें मांडीत असेल, त्यास सर्वांत आधीं विचारावें.