कापलेली येझ्दी आणि मूळ संहिता

'कॅफे रेसर' हे नाव जन्मतः उपहासाचे होते, असे सांगतात. शर्यतीच्या मैदानावर उतरण्याची धमक नाही. या कॅफेपासून त्या कॅफेपर्यंत गाडी पिटाळायची आणि शर्यतपटूचा आव आणायचा, असा त्यातला टोमणा. पुढे ज्यांना तो मारला गेला त्यांनीच तो बिरुदासारखा मिरवला. आज या नावाने ओळखली जाणारी घडण आपल्याकडच्या जुन्या येझ्दी, आरएक्स १०० आणि बुलेट गाड्यांवर मोठ्या हौसेने चढवली जाते. महाविद्यालयांच्या वाहनतळांवर अशा गाड्या दिसतात, त्यांच्याभोवती मुलांचा घोळका दिसतो आणि 'चांगल्या गाडीची वाट लावली' असे पुटपुटत पुढे जाणारे आमचे सहकारीही दिसतात. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या वादात अवश्य पडावे असे आम्हांला वाटते. मूळ संहितेत हात घालण्याचा अधिकार कोणाला आणि कितपत, या आपल्या जुन्या वादाचाच हा लोखंडी अवतार आहे.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ साली 'एस कॅफे' सुरू झाले. महायुद्धातील बॉम्बवर्षावात ते उद्ध्वस्त झाले आणि १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले. पन्नाशीच्या दशकात हे ठिकाण तरुण मोटारसायकलस्वारांचा अड्डा बनले. बहुतेक मुले कामगारवर्गातली. खिशात थोडा पैसा खुळखुळू लागला होता, पण शर्यतीची गाडी विकत घेण्याइतका नव्हता. ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, हा वेग गाठणे हे त्यांचे स्वप्न. मग रोजच्या गाडीतूनच शर्यतीची गाडी काढायची. हँडल खाली घेतले, कारण वाकून बसले की वाऱ्याचा अडसर कमी होतो. फूटरेस्ट मागे गेले, कारण वाकलेल्या अंगाला पाय पुढे ठेवून तोल साधत नाही. मागे उंचवटा असलेली एकट्यापुरती सीट आली, कारण गाडी जोरात सुटली की अंग मागे घसरते. मडगार्ड छोटे झाले, कारण वजन नको होते. ज्यांचे एवढ्यावर समाधान होईना, ते नॉर्टनच्या 'फेदरबेड' सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवीत. एकाचा सांगाडा सरस, दुसऱ्याचे इंजिन सरस; या संकराचे नाव 'ट्रायटन'. ज्यूकबॉक्सवर गाणे लावून ते संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परतायचे, अशी पैज लागे म्हणतात. तीत तथ्य किती, हा भाग निराळा. दंतकथा जन्माला यावी इतका त्या जगण्यात जोर होता, एवढे खरे.

वरच्या परिच्छेदात 'कारण' हा शब्द आम्ही पुनःपुन्हा वापरला आहे, तो मुद्दाम. या शैलीतला एकेक रूपविशेष गरजेतून आलेला होता. छायाचित्रांच्या वाटेने ती आपल्याकडे पोचली तेव्हा मात्र रूप तेवढे आले. कारणे तिकडेच राहिली. आमचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो शैली परकी असण्यावर नाही. परके वृत्त, परका घाट मराठीने कितीदा तरी आपलासा केला. प्रश्न असा की, तो ज्या भाषेवर घालायचा त्या भाषेचे व्याकरण आपण वाचले आहे काय?

येझ्दीचेच पाहा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठीच्या दशकाच्या आरंभापासून जावा आणि पुढे येझ्दी या गाड्या बाहेर पडत होत्या. १९९६ मध्ये तो बंद पडला. या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच. गाडी सुरू करताना तोच वर वळवून त्यावर लाथ मारायची, आणि सुरू झाली की त्यानेच गिअर बदलायचे. आता लंडनच्या धर्तीवर फूटरेस्ट मागे न्या. पाय मागे गेला, दांडा पुढेच राहिला. जोडदांडी लावून गिअर मागे आणावा, तर किकचे काय करायचे? मूळ रचनेतली एक युक्ती दुसरीत अशी गुंतलेली आहे की, एक हलवली की दुसरी पांगळी होते.

सायलेन्सरची कथा याहून बोलकी आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारे नळकांडे नव्हे. बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबलहरी त्याच्या लांबी-आकारानुसार उलट फिरतात आणि इंजिनात आलेले ताजे मिश्रण न जळताच निसटू पाहते, त्याला अडवतात. तो कापून आखूड पाइप बसवला की इंजिनाची ताकद बव्हंशी घटते. वाढतो तो आवाज. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो. (समीक्षाव्यवहारातही हा अनुभव आपल्याला अगदीच अपरिचित नाही.) तीच गत एअर फिल्टरची. मूळचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की हवा जास्त येते, पेट्रोलचे प्रमाण त्या मानाने कमी पडते, इंजिन तापते. कार्ब्युरेटरचा जेट बदलून हा हिशेब पुन्हा जुळवावा लागतो. जाणता मिस्त्री तो जुळवतो. अलंकार म्हणून जे काढून टाकले ते वाक्याचे क्रियापदच होते, हे इतरांना घाटात गाडी बंद पडल्यावर कळते.

उत्तम जमलेली गाडी आम्ही पाहिलेली नाही असे नाही. टाकीचा तळ आणि सीट एकाच आडव्या रेषेत आलेली, सीटखालचा त्रिकोण मोकळा केल्यामुळे इंजिन प्रथमच नीट दिसू लागलेले. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. ती वर्गात समजावताना अशी एखादी गाडी खिडकीखाली उभी असती तर बरे झाले असते. त्या मोकळ्या त्रिकोणातली बॅटरी, वायरी, फिल्टर हे सारे कोठेतरी नीट बसवलेले असते. ते कुशलतेने लपवलेले काम हाच खरा वाचनाचा पुरावा.

म्हणून 'जशी कारखान्यातून आली तशीच ठेवा' हा शुद्धिवादही आम्हांला पटत नाही. तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या गाडीत मूळ असे कितीसे उरलेले असते? कार्ब्युरेटर दुसऱ्या गाडीचा, टाकी दोनदा रंगवलेली, इंडिकेटर मिळतील ते. ती गाडी म्हणजे पाठभेदांनी भरलेली पोथीच. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. एकाने पाठ मुळाकडे नेला, दुसऱ्याने मूळ आपल्या रंगभूमीकडे आणले. दोघांनीही मूळ नीट वाचलेले होते, म्हणून दोन्ही कामे मोलाची. परंतु एक भेद डोळ्यांआड करून चालणार नाही. 'झुंजारराव' झाल्यावरही 'ऑथेल्लो' जागच्या जागी राहिला. येझ्दीच्या सांगाड्याच्या मागच्या भागावर ग्राइंडर चालला की ती एक प्रत कायमची गेली. २०२२ मध्ये येझ्दी हे नाव बाजारात परतले खरे, पण ते सर्वस्वी वेगळ्या, फोर-स्ट्रोक गाड्यांवर. जुन्या गाड्यांची संख्या आता घटतच जाणार.

कायद्याने आपली बाजू निवडली आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. विद्यार्थ्यांना हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. कायद्याला सौंदर्याशी कर्तव्य नाही, रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी आहे, आणि ते रास्तच आहे. मात्र ग्राइंडर आणि स्पॅनर यांतला फरक कायदा करीत नाही. तो आपल्याला करता यायला हवा.

ज्यांना केवळ ती मुद्रा हवी आहे, त्यांनी ती विकत घ्यावी. रॉयल एनफील्डने इंग्लंडमध्ये साठीच्या दशकातच 'कॉन्टिनेन्टल जीटी' ही तयार कॅफे रेसर काढली होती. चेन्नईच्या कंपनीने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्याच नावाने गाड्या आणल्या. कारखान्याला दिलेले उत्तर कारखान्यानेच छापून विकावे, यात गंमत आहे. पण त्यापायी एखादी जुनी येझ्दी वाचत असेल तर आमची तक्रार नाही.

ज्यांना स्वतःच्या हातांनीच काही करायचे आहे, त्यांनी लंडनपेक्षा टोकियोकडे पाहावे. तेथील 'ब्रॅट स्टाइल' या कार्यशाळेच्या नावाने रूढ झालेल्या घडणीत लांब, सपाट, बुटकी सीट असते आणि यामाहा एसआर ४०० सारखी साधी एक-सिलिंडरी गाडी असते. शर्यतपटूसारखे वाकून बसण्याचा हट्ट नसतो. येझ्दीच्या दांड्याला ती बैठक मानवते, फूटरेस्ट हलवावे लागत नाहीत. त्या घडणीतही पुष्कळदा मागचा सांगाडा कापतात, तेवढे अनुकरण टाळावे. सीट मूळच्याच बोल्टांवर बसेल अशी शिवून घेता येते. आणि काढलेली सीट, मडगार्ड, दोन्ही सायलेन्सर भंगारवाल्याला न देता तेलाचा बोळा फिरवून पोत्यात बांधावेत, पोत्यावर गाडीचा नंबर लिहावा आणि ते माळ्यावर टाकावे. पुढच्या मालकाला लागतील.