मोरिवली, बोरिवली नव्हे

परवा बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं पार्सल चार दिवस बोरिवलीत फिरत होतं. आम्ही राहतो मोरिवलीत, अंबरनाथच्या. पिनकोड बरोबर होता, पण कुठल्याशा प्रोग्रामने 'मो' म्हणजे टायपो समजून पत्ता "सुधारला". फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, गावाचं नाव टाकूच नका ना, नुसतं अंबरनाथ लिहा."

चिडलो, पण बोलायला तोंड नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच एका टेबलमध्ये गावाचं नाव युनिक की धरलं होतं. दोन तळेगावं आली आणि दुसऱ्याने पहिल्याला गिळलं. सीनियर म्हणाले, "अरे, लोणावळ्याच्या वाटेवरचं दाभाड्यांचं, शिक्रापूरजवळचं ढमढेऱ्यांचं. लोकांना जमतं, तुझ्या टेबलला का जमू नये?"

घोळ तसा जुनाच. सेल्युकस राजाने बापाच्या नावाने 16 अँटिओक वसवली, असं अपिअन हा इतिहासकार लिहितो. अलेक्झांड्रिया तर इजिप्तपासून अफगाणिस्तानापर्यंत! ओळखायची कशी? आपण बुद्रुक-खुर्द लावतो तशी त्यांनीही नावाला शेपूट लावली. पिसिडियाकडचं अँटिओक वेगळं. सीरियातलं सगळ्यात मोठं, ते 'डाफ्नीजवळचं'. आता डाफ्नी म्हणजे त्याचंच एक उपनगर. 'मोरिवलीजवळचं अंबरनाथ' म्हणण्यासारखं झालं की! मला हे भलतंच आवडलं.

इतकं लांब तरी कशाला जा? इथून तिसरं स्टेशन कल्याण. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात ते 'कल्लिएना' म्हणून येतं. दुसरं कल्याण बिदर जिल्ह्यात, चालुक्यांची राजधानी. 1060 साली आमचं शिवमंदिर झालं, तेव्हा तिथे सोमेश्वर पहिला गादीवर होता. पुढे ते बसवेश्वरांच्या नावाने बसवकल्याण झालं. कल्याण पुसलं नाही, अलीकडे एक शब्द जोडला, बस्स.

आता कोणी म्हणेल, पिनकोड आहे ना, नाव हवंय कशाला? पिनकोड आणला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, 15 ऑगस्ट 1972 ला. गृहस्थ संस्कृतचे कवी आणि नाटककार! सारख्या नावांची गावं हे त्यामागचं एक कारणच होतं. पण आकडा आला तो नावाच्या शेजारी, नावाच्या जागी नाही. 421501 म्हणजे अंबरनाथ. त्यात मोरिवली कुठे दिसते? आधीच मोरिवली म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, गाव नाही. आता पत्त्यातूनही काढलं तर उरलं काय? कॉम्प्युटरला दोन नावांतला फरक कळत नसेल तर दुरुस्ती आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी करायची, गावाने नाही.

असो. गोळ्या शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणल्या. पुढची ऑर्डर टाकताना मुद्दाम लिहिलं, "मोरिवली (बोरिवली नव्हे), अंबरनाथ". फॉर्म म्हणतो, कंस चालत नाही.