सहनिवासाचा सावकार कोण?

समविचारी वीस-पंचवीस कुटुंबांनी एकत्र जमीन घ्यावी, प्रत्येकाचे घर स्वतंत्र असावे, परंतु स्वयंपाकघर, भोजनगृह, वाचनालय आणि पाहुण्यांच्या खोल्या सामाईक असाव्यात, अशी सहनिवासाची कल्पना पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गात आता वरचेवर बोलून दाखविली जाते. ज्यांची मुले दूरदेशी गेली आणि ज्यांना वृद्धाश्रमाची पायरी चढावयाची नाही, त्यांना ती विशेष जवळची वाटते. कल्पना चांगलीच आहे. मात्र या मंडळींच्या बैठकी ज्या प्रश्नापाशी येऊन विरतात, तो शेजारधर्माचा नसून भांडवलाचा असतो. सामाईक पंगतीत कांदा-लसूण असावा की नसावा यावर वर्षभर खल होतो, आणि इसाऱ्याची रक्कम कोणी भरावयाची हे विचारताच निम्मी मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात!

त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. आपली गृहकर्जाची व्यवस्था एका व्यक्तीला, एका ठरावीक सदनिकेच्या तारणावर कर्ज देण्यासाठी घडविलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के अशी मर्यादा आहे. सहनिवासाच्या आरंभी गहाण टाकावयास सदनिका कुठे असते? असते ती केवळ ‘नियोजित संस्था’, म्हणजे निबंधकाच्या कार्यालयात राखून ठेवलेले एक नाव व एक मुख्य प्रवर्तक. तिला ना मालमत्ता, ना ताळेबंद. शहराबाहेरची स्वस्त जमीन पाहावी, तर ती बहुधा शेतजमीन निघते, आणि 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचे 63 वे कलम बिगरशेतकऱ्याच्या आड येते.

खासगी बिल्डरलाही नुसत्या जमीनखरेदीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असा दंडक आहे. परंतु त्याच्यापाशी स्वतःचे भांडवल असते, खासगी वित्तपुरवठादार असतात, आणि पुढे ग्राहकांचे हप्तेही येतात. सहनिवासाच्या मंडळींना ही सारी जोखीम स्वतःच्या खिशातून उचलावी लागते. समजा, वीस कुटुंबांनी 4 कोटींची जमीन पाहिली, तर पहिली वीट बसण्यापूर्वीच प्रत्येकाला 20 लाख रुपये गुंतवावे लागतील. आणि तीही राहते घर न विकता, कारण नवे होईतो राहणार कोठे?

खरी मेख याहून खोल आहे. कर्ज थकले तर सदनिका कोणासही विकता यावी, ही बँकेची अपेक्षा. तर शेजारी निवडण्याचा अधिकार आपणांपाशी असावा, ही सहनिवासाची मूळ प्रतिज्ञा. त्यातच सहकार कायद्याच्या 23 व्या कलमान्वये पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. सामाईक भोजनगृहावर तर खर्च होतो, पण ते कोणा एकाच्या तारणात धरता येत नाही. म्हणजे ज्यामुळे ही वसाहत इतर इमारतींहून वेगळी ठरते, तेच सावकाराच्या लेखी निरुपयोगी!

हे असेच चालावयाचे, असे मात्र नाही. मुंबईत गावदेवी येथे 1915 साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा संस्था आधी आणि घरे नंतर असा क्रम होता. 1961 च्या सहकारी नियमांतही जमीन व इमारत दोन्ही संस्थेची असलेल्या भाडेकरू-सहभागीदारी संस्थांचा वर्ग स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. अशा संस्थांना कर्ज देणारी शिखर संस्थाही राज्यात होती आणि आयुर्विमा महामंडळाचा पैसा अशा शिखर संस्थांमार्फत गृहनिर्माणाकडे वळत असे. पुढे ही व्यवस्था थकबाकीत रुतली. 1977 साली एचडीएफसी स्थापन झाली आणि व्यक्तिगत गृहकर्जाचा राजमार्ग खुला झाला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबर व्यक्ती कर्जदार झाली आणि संस्था कर्जदार राहिली नाही. आज बहुतेक संस्था जन्मतात त्या बिल्डरने सदनिका विकून झाल्यावर, जिन्यातील दिवे आणि पाण्याचा पंप सांभाळण्यापुरत्या.

आधुनिक सहनिवासाचे माहेर मानल्या जाणाऱ्या डेन्मार्कचा अनुभव बोलका आहे. वास्तुविशारद यान गुडमन-हॉयर यांनी 1964 साली मित्रमंडळींसह विचार सुरू केला. प्रत्यक्ष वसाहती उभ्या राहिल्या त्या 1972 आणि 1973 साली, सेटेडामेन येथे 27 घरांची व स्क्रोप्लानेट येथे 33 घरांची. घरे खासगी मालकीची, म्हणून ती बऱ्यापैकी सधनांनाच परवडणारी. 1981 च्या सहकारी गृहनिर्माणविषयक कायद्याने शासनाच्या पाठबळाची कर्जे संस्थांना मिळू लागली, तेव्हा कुठे बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना ते दार उघडले. डॅनिश माणूस आपल्याहून अधिक शेजारप्रेमी आहे असे नव्हे. त्याच्या संस्थेला कर्जदार म्हणून ओळखणारा सावकार निर्माण झाला.

आपल्याकडे एक फट पडली आहे. जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांना कर्ज देण्याची मुभा दिली. एकूण मालमत्तेच्या 5 टक्क्यांच्या गृहकर्जमर्यादेत राहून. जुन्या इमारतींच्या स्वयंपुनर्विकासाला याचा लाभ होऊ शकतो, कारण त्या संस्थांपाशी तारण द्यावयास जमीन असते. नव्या सहनिवासाला मात्र तीच पहिली पायरी गाठता येत नाही. ती गाठून देणे शासनाला अशक्य नाही. सहकारी संस्थांना भोगवटादार वर्ग-2 म्हणून सरकारी जमिनी देण्याची परंपरा या राज्यात जुनी आहे. त्यांतील काही भूखंड लिलावाऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने अशा संस्थांना दिले, तर आरंभीचा बोजा निम्म्याने तरी हलका होईल. बांधकामकाळातील कर्जाला शासनाने मर्यादित हमी द्यावी.

मात्र हमी मागणाऱ्यांनी शिखर संस्थेच्या थकबाकीचा इतिहासही डोळ्यांसमोर ठेवावा. संस्थेच्या कर्जात शेजाऱ्याच्या चुकलेल्या हप्त्याचा भार प्रामाणिक सभासदावरही पडतो. तेव्हा वर्षभराच्या हप्त्यांइतकी गंगाजळी आधी जमवावी, बाहेर पडणाऱ्याला पैसे केव्हा व किती परत मिळतील हे उपविधीत लिहावे, आणि थकलेली सदनिका ठरावीक मुदतीत घेण्याचा पहिला हक्क संस्थेला असावा. ती मुदत टळली, तर बँकेने ती खुशाल बाजारात विकावी. एवढे कागदावर आणल्यावाचून कोणत्याही मंडळींनी वास्तुविशारदाकडे जाऊ नये.