तुरे काढायला मुलांना पाठवावे का?



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी विषय निघाला. येत्या जुलैत मुलांना डिटॅसलिंगला, म्हणजे मक्याचे तुरे काढायला, पाठवायचे का? भारतातून आलेल्या एक आजी म्हणाल्या, "शेतमजुरीच करायची होती, तर सातासमुद्रापलीकडे कशाला आलात?" सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. आम्हाला तो तिथे राहू द्यावासा वाटत नाही.

आपण आयोवात राहतो. गावाबाहेर पडले की दोन्ही बाजूंना मकाच मका. त्याचे बी कसे तयार होते हे मात्र इतकी वर्षे इथे राहून आम्हालाही ठाऊक नव्हते. मोठी मुलगी तुरे काढायला गेली तेव्हा कळले. मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही असतात, शेंड्याला तुरा आणि खाली कणीस. संकरित बी हवे तर दोन वेगळे वाण शेजारी शेजारी पेरतात आणि मादी ठरवलेल्या ओळींचे तुरे पराग झडायच्या आत उपटतात. मग कणसावर पडतात ते शेजारच्या नर ओळींचेच पराग. पुष्कळसे तुरे यंत्र काढते, सुटलेले मुले हाताने काढतात. जास्त सुटले तर ते बी भेसळीचे.

हे हातकाम एकदा जवळजवळ बंद झाले होते. टेक्सासमध्ये सापडलेल्या एका मक्याला तुरा येई, पण त्यात कामाचे पराग नसत. बियाणे कंपन्यांना आयतेच फावले. मजुरी नको, कटकट नको. १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के मक्यात हा एकच गुण उतरला होता. त्या वर्षी फ्लोरिडाकडून पानांवरचा करपा वर सरकत आला. ज्या दोषामुळे पराग वांझ होत, नेमक्या त्याच दोषातून बुरशीला वाट मिळाली. देशाचे साधारण १५ टक्के पीक गेले, दक्षिणेत काहींचे निम्म्याहून जास्त. वाण नावाने शंभर असतील, आतून सगळे एकाच आईचे! कंपन्या मुकाट्याने तुरे उपटण्याकडे परतल्या.

आज प्रयोगशाळेत डीएनए तपासून रोपे निवडतात. शुद्ध वाण करायला पूर्वी सहा-सात पिढ्या लागत, डबल हॅप्लॉइड तंत्राने ते दोन हंगामांत होते. १९९६ पासून किडीला तोंड देणारे जनुक घातलेला मकाही शेतात आहे. आम्ही या सगळ्याच्या विरोधात नाही. (आपल्याकडे हायब्रीड ज्वारी आली तेव्हा भाकरीला चव नाही म्हणून घरोघरी नाके मुरडली गेली, पण पोटे भरली हेही खरे.) तरी संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे उत्पन्न येत नाही, म्हणून शेतकरी दरवर्षी नवे बी विकत घेतो. इतक्या लोकांचे पीक मोजक्या कंपन्यांच्या निवडीवर चालते, तेव्हा ती निवड कशी होते हे इथे वाढणाऱ्या मुलांनी जवळून पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटते. ते पुस्तकात वाचून होत नाही.

काम कष्टाचे आहे, खोटे कशाला सांगा! सकाळी दवाने कपडे निथळतात, दुपारी ऊन, आणि पानांच्या कडांनी हात ओरबाडून निघतात. आमची लेक पहिल्या रात्री न जेवताच झोपली. तिसऱ्या आठवड्यात मात्र रस्त्याने जाताना "बाबा, ती मादीची ओळ" असे दाखवू लागली. आजींना आम्ही तेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मग मलाही एकदा दाखवा."

नावे उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी घेतात. ज्यांना पाठवायचे असेल त्यांनी आम्हाला फोन करावा. बस भल्या पहाटे सुटते, तिथपर्यंत सोडायला आपण पाळ्या लावू. आणि पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट टाकून देऊ नका.