गुणवत्ता आणि वल्हे

‘गुणवत्ता’ हा शब्द आपण परीक्षेतील गुणांशी इतका जखडून ठेवला आहे की, अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांचा व्यवहार पाहून चकित व्हावे लागते. हार्वर्डविरुद्धच्या प्रवेशविषयक खटल्यात पुढे आलेला आकडा पाहा. अभ्यासात चौथी श्रेणी (पहिली सर्वोत्तम) मिळालेल्या अर्जदारांपैकी प्रशिक्षकांनी हेरलेल्या खेळाडूंना सुमारे ७० टक्के प्रवेश मिळाला. इतरांत हेच प्रमाण हजारी एकाहूनही कमी!

हे खेळ कोणते? बास्केटबॉल आहेच, पण नौकानयन, स्क्वॉश, तलवारबाजीही आहे. त्यांना शाळेचे मैदान पुरत नाही, पालकांचा खिसा लागतो. २०१९ मध्ये तर लाच देऊन खोटे खेळाडू उभे केल्याचे उघडकीस आले. स्पर्धेत कधी वल्हे न मारलेली मुलेही कागदोपत्री वल्हेकरी ठरली होती. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्राधान्य घटनाबाह्य ठरवले. खेळाडूंचे प्राधान्य मात्र अबाधित राहिले. (तो वादविषयच नव्हता, हे कायद्याच्या दृष्टीने खरे.)

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी वादग्रस्त सीमाभागातील मराठीभाषक विद्यार्थ्यांनाही राज्याचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. आम्ही हा हक्क सांगू लागलो की, ‘मग गुणवत्तेचे काय?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्यांपैकी काहींना हार्वर्डचे मात्र अपार कौतुक असते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांना हा हक्क गुण कमी म्हणून मिळालेला नाही. त्यांचा प्रदेश दोन राज्यांच्या वादात अडकला आहे म्हणून तो मिळाला आहे, आणि तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.